दहाव्याचा कावळा आणि वहीचं पान

मित्रहो, देवाधर्माबद्दल आपण जे मानतो ते तपासायचं कसं, हा विषय जड आहे, म्हणून घाटावरून सुरुवात करू. दहाव्याचा दिवस आहे. वडील गेलेत. पिंड मांडलेत, मंडळी मागे सरून उभी आहेत, आणि कावळा समोरच्या झाडावर बसून नुसता खाली बघतोय. पंधरा मिनिटं जातात, वीस जातात. मग कोणीतरी हात जोडून म्हणतं, "धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघू." कावळा हलत नाही. दुसरं कोणी म्हणतं, "घर विकणार नाही." तरी नाही. मग थोरला पुढे होतो, "आईला अंतर देणार नाही," म्हणतो, आणि कावळा झेप घेऊन पिंडाला शिवतो. सगळ्यांचे डोळे भरून येतात. जीव आईत अडकला होता, हे घाटावरच्या प्रत्येकाला पटतं.

आता हे शांतपणे बघू. कावळा कोणत्याही क्षणी आला, तरी त्याच्या आधी दिलेलं वचन हेच शेवटचं वचन ठरणार होतं. कारण कावळा आला की वचनं देणं थांबतं. हरवलेली किल्ली नेहमी शेवटी शोधलेल्या जागीच सापडते, कारण सापडल्यावर कोणी शोधत नाही. तसंच हे. थोरला आधी बोलला असता आणि घराची गोष्ट नंतर निघाली असती, तर जीव घरात अडकला होता असं ठरलं असतं, आणि पुढची वीस वर्षं ते घर विकायला कोणी धजलं नसतं.

हे खरोखर तपासायचं असेल तर काय करावं लागेल? कावळा कोणत्या वचनाला येईल हे आधी लिहून पाकीट बंद करावं लागेल. त्याच घाटावर, त्याच सकाळी, काहीही न बोलता थांबलेल्या कुटुंबांकडे कावळा किती मिनिटांत आला ते लिहावं लागेल. माणसं पिंडापासून किती लांब उभी होती, सकाळचे आठ होते की बारा, कावळ्यांचं पोट आधीच्या पिंडांवर भरलं होतं का, याची नोंद लागेल. आणि कावळा आलाच नाही तेव्हा काय झालं, तेही लिहावं लागेल. तेव्हा दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात आणि विधी पुरा होतो. म्हणजे विधी करणाऱ्यांनी, कावळा न येण्याची सोय आधीच करून ठेवलेली आहे. ती शहाणी सोय आहे. पण ती असल्यामुळे असा दहावा उरतच नाही, ज्याच्याकडे बोट दाखवून म्हणता येईल की बघा, इथे समजूत चुकली.

एवढ्यावरून आत्मा नाही असं ठरतं का? नाही ठरत. कावळ्याची साक्ष दोन्ही बाजूंनी बाद होते, इतकंच. आत्म्याचा प्रश्न आधी होता तिथेच राहतो. साक्ष बाद होते हे आस्तिकाला झोंबतं, आणि प्रश्न तिथेच राहतो हे नास्तिकाला. आजचं बोलणं दोघांसाठीही आहे.

आपलं मानणं तपासायला साहित्य एकच लागतं: वहीचं एक कोरं पान. मधून उभी रेघ मारा. डावीकडे आपण काय मानतो ते लिहायचं, उजवीकडे लिहायचं, "हे खोटं असतं तर मला काय वेगळं दिसलं असतं?" दहापेक्षा जास्त वाक्यं नकोत. एका वाक्यात एकच क्रियापद. आणि काही शब्दांना पानावर मज्जाव: श्रद्धा, शक्ती, ऊर्जा, अध्यात्म, आणि नास्तिकांसाठी विज्ञान, विवेक, प्रतिगामी. हे शब्द वाईट आहेत म्हणून हा मज्जाव नाही. ही गाठोडी आहेत, आत काय बांधलंय ते वरून दिसत नाही, म्हणून.

उदाहरणार्थ, आपल्याकडे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य घ्या: "देवबिव माहीत नाही, पण कुठली तरी शक्ती आहे." हिला चार प्रश्न विचारा. ती ऐकते का? ऐकून काही करते का? तिला माझं नाव ठाऊक आहे का? मी नारळ फोडला नाही तर तिला कळतं का? चारही उत्तरं "हो" आली, तर हा आपला जुना देवच आहे, फक्त नाव घ्यायची लाज वाटतेय. चारही "नाही" आली, तर ती शक्ती असली काय नि नसली काय, आपल्या आयुष्यात काही हलत नाही. बहुतेकांची उत्तरं दोन हो, दोन नाही अशी येतात. खरी तपासणी तिथून सुरू होते.

गाठोडं सोडायचं म्हणजे काय, तर निदान सहा धागे वेगळे करायचे. जगाला कोणी कर्ता आहे. तो मध्ये पडतो. मेल्यानंतर काही उरतं. केलेल्याचं फळ मिळतं. अमुक ग्रंथ चुकत नाही. अमुक विधीनं अमुक घडतं. यातला एक धागा धरला म्हणजे बाकीचे पाच आपोआप हातात येतात असं आपण धरून चालतो. पण तसं नसतं, आणि आपल्याकडे तर मुळीच नसतं. पूर्वमीमांसा या जुन्या दर्शनाचे लोक, म्हणजे मीमांसक, वेद प्रमाण मानणारे, यज्ञाचे कट्टर पुरस्कर्ते. पण जगाचा कर्ता ईश्वर त्यांना मान्य नाही. यज्ञाचं फळ "अपूर्व" नावाच्या अदृश्य साठ्यातून मिळतं, त्याला मध्ये देव लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. सांख्य या दुसऱ्या जुन्या दर्शनातले निरीश्वर, म्हणजे ईश्वर न मानणारे, तर सगळ्यांनाच माहीत आहेत. आजच्या काळात या. प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेनं २०१९–२० मध्ये भारतात सुमारे ३०,००० प्रौढांना प्रश्न विचारले. ९७ टक्के लोक देव मानणारे निघाले. पण बौद्धांमध्ये सुमारे एक तृतीयांश लोकांनी देव मानत नाही असं सांगितलं. २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाख बौद्ध होते आणि त्यातले ६५ लाख महाराष्ट्रात, म्हणजे १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेचा वारसा सांगणारे. त्यांच्यातला जो देव मानत नाही, तो धर्म सोडून तसं म्हणत नाही, धर्मात राहूनच म्हणतो. त्याच पाहणीत कर्मफळ मानणारे हिंदू ७७ टक्के होते, आणि मुसलमानही ७७ टक्केच. धागे कुठून कुठे गेलेत बघा.

"नास्तिक" हा शब्दही असाच. व्याकरणकार पाणिनीच्या सूत्राचा अर्थ लावताना भाष्यकार परलोक नाही म्हणणाऱ्याला नास्तिक म्हणतात. मनुस्मृतीत वेदाची निंदा करणारा तो नास्तिक. आज आपण देव न मानणाऱ्याला म्हणतो. पहिल्या अर्थानं बौद्ध आणि जैन आस्तिक ठरतात, दुसऱ्या अर्थानं नास्तिक. मीमांसक दुसऱ्या अर्थानं पक्का आस्तिक, तिसऱ्या अर्थानं नास्तिक. तेव्हा "मी नास्तिक आहे" हे वाक्य पानावर लिहिलंत तर पुढे कंसात कशाला नाही म्हणताय ते लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तुमचं तुम्हालाच कळणार नाही.

वाक्यं लिहून झाली की प्रत्येकाची जात ठरवायची. माफ करा, या कामात हाच शब्द नेमका आहे. काही वाक्यं जगात जाऊन तपासता येतात: "सत्यनारायण घातला की अडलेलं काम होतं." काही फक्त युक्तिवादानं तपासता येतात: "विश्वाला कारण असलंच पाहिजे." आणि काही वाक्यं म्हणजे आपल्या मनाचा अहवाल: "वारीत चालताना मला हलकं वाटतं." या तिसऱ्याला पुरावा मागणं हा आडमुठेपणा आहे, हलकं वाटतं म्हणजे वाटतं. घोळ कुठे होतो सांगतो. पहिल्या वाक्याचा पुरावा मागितला की आस्तिक तिसरं वाक्य पुढे करतो: "पण मला किती प्रसन्न वाटतं!" आणि नास्तिक पहिलं वाक्य पाडून झालं की तिसरंही पडलं असं समजून वारीला निघालेल्या माणसाची टर उडवतो. वादावादीचा मोठा भाग याच अदलाबदलीवर चालतो.

तपासता येणाऱ्या वाक्यांसाठी चार खणांचा तक्ता करायचा. नवसाचं उदाहरण घेऊ. नवस केला आणि काम झालं. नवस केला, काम झालं नाही. नवस केला नाही, तरी काम झालं. नवसही नाही, कामही नाही. देवळात घंटा, पाळणे, चांदीचे डोळे लटकलेले असतात ते सगळे पहिल्या खणातले. उरलेल्या तीन खणांतली माणसं देवळात काही लटकवत नाहीत. पुजाऱ्यानं कोणाला फसवलेलं नसतं. ती भिंतच अशी आहे की तिच्यावर एकच खण दिसतो.

फसवणारे कसं फसवतात तेही या तक्त्यात दिसतं. मुलगाच होईल असं सांगून हजार रुपये घेणारा, आणि मुलगी झाली तर पैसे परत देणारा बाबा घ्या. निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे दर १०० बाळंतपणांत ५१ मुलगे. शंभर जोडपी आली तर बाबाकडे ५१ हजार रुपये राहतात, शिवाय ५१ घरं त्याचे गोडवे गातात, आणि पैसे परत मिळालेली ४९ घरं म्हणतात, "निदान प्रामाणिक तरी आहे." याच्याहून पोचलेला बाबा तोंडानं "मुलगा" सांगतो आणि वहीत "मुलगी" लिहून ठेवतो. मुलगा झाला तर वही कोणी मागत नाही. मुलगी झाली तर वही उघडून दाखवतो: तुम्हीच चुकीचं ऐकलंत.

स्वप्नांचंही तेच. एखाद्याला वर्षभरात खरं ठरणारं विलक्षण स्वप्न पडण्याची शक्यता दहा हजारांत एक, इतकी कमी धरा. २०११ ची महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. म्हणजे वर्षाला ११,२४० माणसांना, दिवसाला तिसांहून अधिक जणांना, तसं स्वप्न पडणार. ज्याला पडलं त्याच्या दृष्टीनं तो चमत्कारच, आणि त्याला मूर्ख म्हणण्याचं काहीच कारण नाही. त्याला उरलेल्या लोकांची न ठरलेली स्वप्नं दिसत नाहीत, एवढाच त्याचा दोष.

आता एक नीट केलेली तपासणी बघू, आपल्या पुण्यातली. २००८ साली जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. २०० मुलांच्या पत्रिका होत्या: १०० शाळेत हुशार ठरलेल्या मुलांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. ज्योतिषाला ४० पत्रिका द्यायच्या आणि त्यानं प्रत्येक पत्रिका कोणत्या गटातली ते सांगायचं. जाहीर आवाहनाला ५१ जणांनी प्रतिसाद दिला, २७ जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून ठरवलं तरी ४० पैकी २० बरोबर येतात. २८ किंवा जास्त निव्वळ नशिबानं येण्याची शक्यता एका टक्क्याहून कमी, म्हणून तेवढे आले असते तर दखल घ्यावी लागली असती. सगळ्यांत जास्त आले २४. सरासरी २० च्या खाली राहिली. एका ज्योतिष संस्थेनं सगळ्या २०० पत्रिका पाहिल्या, त्यांची १०२ बरोबर आली.

त्या २४ वर क्षणभर थांबा. २४ किंवा जास्त नुसत्या नाण्यानंही येण्याची शक्यता साधारण १३ टक्के असते. म्हणजे २७ माणसांनी नाणी उडवली असती तर त्यातल्या तीन-चार जणांना इतके गुण मिळाले असते. इथे एकालाच मिळाले. पण तो एकटाच चाचणीला बसला असता, तर उद्या "६० टक्के अचूक" अशी पाटी लावायला तो मोकळा होता, आणि पाटी खोटीही नसती. म्हणून आधी ठरवायचं: किती जण, किती पत्रिका, किती बरोबर आले तर मी माझं मत बदलेन. निकाल बघून निकष ठरवला की कोणीही कुठेही पास होतो. पानाच्या उजव्या बाजूला जे लिहायचं, ते आधी लिहायचं, ते याचसाठी.

प्रार्थनेबद्दलही अशी तपासणी झालीय. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन यांच्या गटानं सहा रुग्णालयांतले हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचे १,८०२ रुग्ण घेतले. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. तीन गट केले. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण त्यांना ते नक्की माहीत नव्हतं, त्यांच्यातल्या ५२ टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर काही गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी झाली नाही आणि त्यांनाही माहीत नव्हतं, त्यांच्यात ५१ टक्के. आणि आपल्यासाठी प्रार्थना होतेय हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्के. पहिल्या दोन आकड्यांवरून, अनोळखी माणसांनी लांबून केलेल्या प्रार्थनेचा परिणाम दिसला नाही. रुग्णांच्या घरच्यांनी काय प्रार्थना केल्या त्यावर अर्थातच कोणाचा ताबा नव्हता. तिसरा आकडा मात्र नास्तिकांच्या बैठकीत फार खुषीनं फिरतो: "बघा, प्रार्थनेनं माणूस जास्त आजारी पडतो!" हा तोच पहिला खण झाला. रुग्णाला वाटलं असेल, आपलं इतकं गंभीर आहे का, आणि तो घाबरला असेल. किंवा नुसता योगायोग असेल. एका प्रयोगातला एक आकडा आपल्याला आवडला म्हणून उचलायचा, हे नवसाच्या घंटेपेक्षा काही वेगळं नाही.

तेव्हा आता नास्तिकाचं पान उघडू. त्यावर हमखास सापडणारी वाक्यं: शास्त्रीय कारण मला माहीत आहे, धर्म नसता तर हिंसा नसती, माणूस शिकला की देव सुटतो.

पहिलं वाक्य. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार, देशभर गणपती दूध प्यायला लागला. त्या दिवसापासून "पृष्ठताण हो, पृष्ठताण" (द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पापुद्र्यासारखा वागतो, तो गुण) म्हणणारे लोक आपल्यात आहेत. त्यातल्या बहुतेकांनी चमचा हातात घेतलेला नाही. शब्द पाठ करून सांगणं आणि मंत्र पाठ करून सांगणं यात फार अंतर नसतं. सरकारच्या विज्ञान विभागाच्या शास्त्रज्ञांनी दिल्लीत दुधात रंग मिसळला, आणि सोंडेला लावलेलं दूध मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळताना दिसलं. घरी करून बघा. छोटा चमचा काठोकाठ भरा, दुधात चिमूटभर खायचा रंग टाका, मूर्ती आधी पाण्यानं ओली करा आणि चमच्याची कड सोंडेला टेकवून अगदी किंचित तिरपा करा. दूध चमच्यातून ओढलं जातं आणि पातळ पापुद्र्यासारखं खाली उतरतं. पांढऱ्या दुधाचा तो पापुद्रा संगमरवरावर दिसत नाही, रंगीत दिसतो. चमचा काठोकाठ भरलेला नसेल किंवा मूर्ती कोरडी असेल तर प्रयोग फसतो, आणि मग घरातली माणसं म्हणतात, "बघ, तुझ्या हातून पीत नाही!" म्हणून शेजारी पितळी घोडा किंवा पेपरवेट ठेवा आणि त्यालाही पाजा.

दुसरं वाक्य, धर्म आणि हिंसा. चार खण मांडा. धर्माच्या नावानं झालेली हिंसा पहिल्या खणात भरपूर आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण देव नाकारणाऱ्या राजवटीही झाल्या. मॉस्कोतलं ख्रिस्त तारणहाराचं भव्य चर्च १९३१ च्या डिसेंबरमध्ये सुरुंग लावून पाडलं. अल्बानियानं १९६७ मध्ये सगळी प्रार्थनास्थळं बंद करून स्वतःला निरीश्वरवादी राष्ट्र म्हणवलं. यावर नास्तिक म्हणतो, "ते राजकारण होतं, नास्तिकपणामुळे झालं नाही." असेल. पण मग दंगलीच्या वेळी आस्तिक "ते राजकारण होतं, धर्म असं शिकवत नाही" म्हणतो, तेव्हा त्यालाही तीच सवलत द्यावी लागते. दोघांना द्या किंवा दोघांची काढून घ्या. एकाच्या पदरात मोजायला मोठं माप आणि दुसऱ्याच्या पदरात छोटं, हा वाण्याचा धंदा इथे चालत नाही.

तिसरं, शिक्षण. रामानुजन आपलं गणित नामक्कलच्या नामगिरी देवीची कृपा मानायचे. त्यांना केंब्रिजला बोलावणारे गणितज्ञ हार्डी निरीश्वरवादी. दोघांनी मिळून संशोधन केलं, आणि हार्डींचा सगळा आग्रह एकाच गोष्टीवर: सिद्धता लिहा. कल्पना कुठून सुचली ते देवीचं असो नाहीतर मेंदूचं, सिद्धतेची प्रत्येक पायरी दोघांनाही सारखीच मान्य करावी लागत होती. माणूस किती शिकला यापेक्षा, कोणत्या प्रश्नाला तो ही शिस्त लावतो आणि कोणत्या प्रश्नाला लावत नाही, हे बघायचं असतं.

आता सगळ्यात अवघड काम, आणि त्यासाठी आपल्याकडे तयार हत्यारं आहेत. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्काचं शास्त्र सांगणाऱ्या न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला केलेली ती वाद. जिंकायला केलेली ती जल्प. आणि स्वतःचं काही न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत राहायचं, ती वितंडा. आपण मराठीत "वाद घालू नकोस" म्हणून तिघांतल्या चांगल्यालाच बदनाम केलंय. वादाची अट अशी की आधी पूर्वपक्ष मांडायचा: विरोधकाचं म्हणणं, त्याच्या बाजूनं, पूर्ण ताकदीनं. तुम्ही आस्तिक असाल तर नास्तिकाची बाजू, नास्तिक असाल तर आस्तिकाची, दोनशे शब्दांत लिहा. मग ते त्या बाजूच्या माणसाला दाखवा आणि विचारा, "खाली सही करशील का?" पहिल्या खेपेला सहसा कोणी करत नाही. कारण नास्तिक पूर्वपक्ष म्हणून कुठला तरी भोंदूबाबा उभा करतो, आणि आस्तिक उभा करतो कुठला तरी उर्मट, आईबापांना न विचारणारा पोरगा.

पूर्वपक्ष कसा असतो ते पाहायचं असेल तर हजार वर्षं मागे जा. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे, उदयनाचार्य यांची बाजू: घडा हे कार्य आहे, त्याला कुंभार लागतो, पृथ्वीसुद्धा कार्य आहे, म्हणून तिलाही कर्ता असला पाहिजे. विक्रमशिला या बौद्ध विद्यापीठाचे पंडित, ज्ञानश्रीमित्र आणि त्यांचे शिष्य रत्नकीर्ती, याच युक्तिवादाशी भिडले. बौद्ध बाजूचा आक्षेप सोप्या भाषेत असा: रानात अंकुर फुटतो, तोही कार्यच आहे, पण त्याचा कुंभार कुठे दिसतो? म्हणजे "कार्य असलं की कर्ता असतोच" हा नियमच मोडला. नैयायिक म्हणतो, थांबा. अंकुराला कर्ता आहे की नाही हाच तर आपला वादाचा मुद्दा. जे सिद्ध करायचंय, त्यातलंच उदाहरण तुम्ही माझ्याविरुद्ध कसं वापरता? यावर बौद्ध म्हणतो, ठीक. पण घडा आणि कुंभार आपण एकत्र पाहिलेत, म्हणून घडा दिसला की कुंभार आठवतो. पृथ्वी आणि तिचा कर्ता कोणी कधी एकत्र पाहिलेत? दोन्हींना "कार्य" हा एकच शब्द लावला म्हणून त्या दोन गोष्टी एक होतात का? मला स्वतःला इथे बौद्ध बाजू वरचढ वाटते. पण लक्षात घ्या, दोघंही एकमेकांचं म्हणणं आज आपण फॉरवर्ड करतो त्यापेक्षा किती नीट मांडत होते.

पानावर परत येऊ. प्रत्येक वाक्यापुढे ० ते १०० मधला एक आकडा लिहा, किती खात्री आहे त्याचा. ० आणि १०० लिहायचे नाहीत, कारण ते लिहिलं तर कोणताही पुरावा तुमचं मत हलवू शकत नाही, मग पानच कशाला? आकडा अगदी नेमका हवा असं नाही. ९५ आणि ६० यातला फरक कळला तरी पुष्कळ. बरेच जण हमरीतुमरीवर येऊन ज्याचं समर्थन करतात, त्यापुढे एकांतात ६५ लिहितात. खाली तारीख घाला. सहा महिन्यांनी नवं पान करा, जुनं न बघता, आणि मग दोन्ही शेजारी ठेवा. जुनं पान खोडू नका. आपली आठवण लबाड असते; मत बदललं की "मला आधीपासूनच असं वाटत होतं" म्हणायला लागते.

एक अडचण मात्र पानावर सुटत नाही. पटलेलं असतं, पण भीती जात नाही. फिनलंडमध्ये संशोधकांनी आस्तिकांना आणि नास्तिकांना "देवा, माझ्या आईवडिलांचं वाईट कर" अशा धर्तीची वाक्यं मोठ्यानं म्हणायला लावली आणि त्वचेवरचा घाम मोजला. तोंडानं नास्तिक म्हणाले, काही वाटलं नाही. त्वचा मात्र दोघांची जवळपास सारखीच घाबरली होती. तेव्हा अमावस्येला गाडी घेताना पोटात गोळा आला तर आपला विचार चुकला असं समजायचं कारण नाही, आणि गोळा आला नाही म्हणून बरोबर ठरला असंही नाही. भीतीला पायऱ्यांनी उतरवावं लागतं. आधी जिथे नुकसान काहीच नाही तिथून सुरुवात करा: मांजर आडवं गेलं तरी न थांबता जाणं, शनिवारी नखं कापणं. एक पायरी कंटाळवाणी वाटायला लागली की पुढची. एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारणारे, म्हणजे देव्हारा गुंडाळून ठेवणारे, घरात पहिलं आजारपण आलं की दुप्पट वेगानं परत फिरतात. त्या आजारपणाचाही चार खणांचा तक्ता करायचा असतो, पण तेव्हा कोणाला सुचत नाही.

कुटुंबाचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. वाक्य बदललं म्हणजे वागणं त्याच दिवशी बदललं पाहिजे असं नाही. आईबापांच्या पैशावर शिकत असाल तर पान आपल्यापाशी ठेवा. आरतीला उभं राहणं हे तिसऱ्या जातीतलं काम असू शकतं: आजीला बरं वाटतं, एवढं कारण पुरतं. जिथे पैसा, औषध किंवा कोणाचा छळ येतो, म्हणजे डॉक्टरऐवजी अंगारा किंवा बाईच्या अंगात भूत म्हणून मारहाण, तिथे मात्र हे चालणार नाही. तिथे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. सरकारी अर्जातल्या "धर्म" या रकान्याबद्दल बोलायचं, तर मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१४ मध्ये सांगितलंय की धर्म जाहीर करण्याची सक्ती राज्यसंस्था कोणावर करू शकत नाही, आणि कोणताही धर्म मानत नाही असं म्हणण्याचा हक्क घटनेच्या २५ व्या कलमात येतो. आणि दहाव्याला घाटावर असाल, तर शेवटच्या वचनाचं गणित तिथे कोणाला समजावू नका. थोरल्यानं आईला अंतर न देण्याचं वचन चारचौघांत दिलंय. कावळा कशामुळे का आला असेना, ते वचन आता त्याच्यावर बंधनकारक आहे.

शेवटचं काम, पान वाचायला कोणाला द्यायचं. आपल्याच बाजूच्या माणसाला देऊ नका, तो शाबासकी देईल. समोरच्या बाजूचा एक माणूस शोधा, जो तुमच्या पूर्वपक्षावर सही करायला तयार असेल आणि स्वतःचंही पान घेऊन येईल. एका बैठकीला एकच वाक्य घ्यायचं, दोघांचं एकेक. वेळ एक तास. त्यापुढे बसू नका. दुसऱ्या तासाला जल्प सुरू होतो, आणि चहा झाल्यावर वितंडा.